काट्याशेजारचं लोखंड

काटा खोटं बोलत नाही, बाप म्हणायचा,
त्याच्या शेजारी काय ठेवलंय ते आधी बघावं.

मी ठेवला होता बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
होकायंत्राच्या बरोबर खाली, दोराच्या वेटोळ्यामागे.
आधी तो घरी माळ्यावर होता,
पण त्या उन्हाळ्यात बायकोने माळा झाडायला काढला.
डब्यात ब्रांडुरचा वाटा:
दोन हंगामांच्या कॉडचे, अर्ध्या बोटीचे क्रोन.

ब्रांडुर समुद्रातच राहिला.
सुन्वोरला मी सांगितलं,
देणी फेडण्यातच सगळं गेलं, वहिनी.
तिने मान हलवली. मला कॉफी ओतली.
मढ्याच्या टाळूवरचं लोणी
इतकं ऊन, इतकं गोड असतं
हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

फॅरोच्या अठरा बेटांत आमचं चर्च सर्वात लहान,
भिंतींना डांबर, छपरावर गवत.
दर रविवारी तिथे गुडघे टेकून म्हणायचो,
प्रभू, मी पापी आहे.
सगळ्यांबरोबर. एका सुरात.
पापी म्हणणं सोपं.
डबा म्हणणं अवघड.

तू काही गप्प नव्हतास.
झोप नेलीस. खांद्यात कळ ठेवलीस.
नव्या पाळकाच्या तोंडून नेमकं तेच बोलवलंस;
मी म्हटलं, कालचं पोर, डेन्मार्कहून आलेलं,
याला समुद्रातलं काय कळतं.
आणि उजेडात किनारा दिसतोच,
काट्याकडे बघतो कोण?

सप्टेंबरात धुकं उतरलं.
बोटीवर दोघंच, मी आणि ब्रांडुरचा होग्नी, तेरा वर्षांचा.
काटा म्हणत होता, घर समोर.
होग्नी म्हणाला, काका, लाट डाव्या कानात फुटतेय,
ती उजव्या कानात फुटायला हवी.
मी खेकसलो, तुझ्या बापाला वल्हं धरायला मी शिकवलं!
आणि जीभ चावली.
पोर गप्प बसलं नाही.
तेच पुन्हा म्हणालं, हळू, पण तेच.

मग खडक.
तळाला घासत गेला लांबलचक,
कान धरून कुणी अंगणातून घरात ओढत न्यावं तसा.
तुझा हात इतका खडबडीत असेल
असं वाटलं नव्हतं मला.
इतका जवळ असेल, असंही.

इंजिन उलटं टाकलं आणि गुडघ्यांवर आलो,
या खेपेला एकटाच.
वेटोळं बाजूला सारलं, डबा ओढून काढला,
पोराला म्हटलं, हा घेऊन नाळेवर जाऊन बस, पार टोकाला.
काटा थरथरला.
बोटभर सरकला, आणि थांबला.

क्षणभर आलं मनात, द्यावा फेकून पाण्यात,
आपलाही काटा निघेल एकदाचा.
पण समुद्राचं मी काही देणं लागत नव्हतो.

काय आहे यात? होग्नीने विचारलं.
तुझं आहे, म्हटलं.
तो पुढे काही बोलला नाही,
नुसता लाटेकडे कान लावून बसला,
आणि मी त्याच्या कानाने बोट घरी आणली.

सुन्वोर लोकर पिंजत होती.
मी सगळं सांगितलं, डब्याचं नाव घेऊन.
तिने नोटा दोनदा मोजल्या.
म्हणाली, नऊ वर्षं.
मग बऱ्याच वेळाने,
पहिल्या हिवाळ्यात मी मेंढ्या विकल्या. अकरा.
कॉफी ओतली नाही.
क्षमा केली, असं ती म्हणाली नाही.
मी एकदा मागितली,
दुसऱ्यांदा मागून तिला अडचणीत टाकलं नाही.

वसंतात तिच्या कुंपणाशी अकरा मेंढ्या नेल्या.
तिने एकेकीचे खूर उचलून बघितले.
ही लंगडतेय, म्हणाली. बदलून आण.
जुना मी असतो तर वाद घातला असता.

बदलून आणायला निघालो.
डोंगरावर पुन्हा धुकं होतं.
लंगडी पुढे, मी मागे,
तिच्या चालीने.